पायरीवर उभं राहायचं नाही

कंडक्टरमामांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका दारात आडवे उभे होते आणि माझ्या भावाला तमिळमध्ये सांगत होते, "पायरीवर उभं राहायचं नाही. आत या, नाहीतर उतरा."

मधल्या पायरीवर माझा धाकटा भाऊ वेंकू. खालच्या पायरीवर मी, त्याला पळायला वाट राहू नये अशा बेताने पदर खोचून उभी. रविवारची संध्याकाळ होती आणि ऊन अजून उतरलं नव्हतं. तंजावरच्या जुन्या बसस्टँडच्या मागे एक बंद पडलेला शिकवणीवर्ग आहे. त्याच्या एका खोलीत दर रविवारी दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसं जमतात आणि आपापली हकीगत एकमेकांना सांगतात. एवढंच. डॉक्टर नाही, औषध नाही. माझं औषधांचं दुकान आहे, त्यामुळे नुसत्या बोलण्याने कोणी बरं होतं यावर माझा फारसा विश्वास नव्हता. पण गोळ्या झाल्या होत्या, इस्पितळ झालं होतं, देवासमोर शपथा झाल्या होत्या, आणि वेंकूची बायको सुधा लेकीला घेऊन ओरत्तनाडूला माहेरी निघून गेली होती. जाताना ती मला म्हणाली, "अक्का, त्याने दारू सोडली हे मला कळवू नका. ते पुष्कळदा ऐकून झालंय. तो एकदा खरं बोलला की फोन करा."

म्हणजे काम स्पष्ट होतं. वेंकूने खरं बोलायचं, मी फोन करायचा. काम स्पष्ट असलं की मला हुरूप येतो. त्या दिवशी दहावीच्या निकालाची वाट बघावी तशी मी सकाळपासून घड्याळ बघत होते. दुकानात एका म्हातारीला खोकल्याच्या जागी जुलाबाचं औषध देता देता थांबले. वेंकू यायला तयार झाला होता, आंघोळ करून, भस्म लावून, इस्त्रीचा शर्ट घालून स्कूटरवर माझ्या मागे बसला होता, आणि आता मधल्या पायरीवर त्याचे पाय लाकडाचे झाले होते.

इथे आमच्याविषयी थोडं सांगायला हवं. आम्ही तंजावरची मराठी माणसं, पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. बाहेर तमिळ, घरात मराठी. मी पुण्यात फार्मसी शिकले म्हणून देवनागरी लिहिते. वेंकूला आणि बाकी घराला ती वाचता येत नाही. आमची मराठी पुण्यातल्या मैत्रिणींना जुनी आणि गमतीची वाटायची. आम्ही 'काय'ला 'का' म्हणतो, 'सगळं'ला 'अस्कं' म्हणतो, आणि हेल सगळा तमिळ. जशीच्या तशी लिहिली तर तुम्ही अडखळाल, म्हणून थोडी सोपी करून लिहिते. पण तिचा एक मोठा उपयोग आहे. या गावात ती आमचा पडदा आहे. साडीच्या दुकानात मालकाच्या तोंडावर "हा लुटतोय, ऊठ" म्हणावं, बघायला आलेल्या मुलाकडे पाहून हसत हसत "कान बघ केवढे" म्हणावं. कोणाला कळत नाही. लहानपणापासून ही सवय इतकी हाडात मुरलेली, की चारचौघांत मराठी बोलताना आम्ही आवाजसुद्धा कमी करत नाही.

तर वेंकू चेहरा अत्यंत अदबीचा ठेवून मराठीत मला म्हणाला, "अक्का, या म्हाताऱ्याला डुलकी लागली की आपण सुटू. तोंड बघ त्याचं. वाळवलेलं नार्थंकाय."

नार्थंकाय म्हणजे जाड सालीचं मोठं लिंबू. आमच्याकडे ते मीठ लावून काळं पडेपर्यंत उन्हात वाळवतात. उपमा चुकीची नव्हती. समोरचा माणूस खरोखरच काळा, आक्रसलेला, खारवलेला दिसत होता. लुंगीसारखी नेसलेली धुवट वेष्टी, अर्ध्या बाह्यांचा खाकी शर्ट, कपाळावर भस्माचे पट्टे, आणि तंजावर भागातल्या शेतकऱ्याचं असावं तसं ठसकेबाज तमिळ.

त्या तोंडाने शांतपणे मराठीत उत्तर दिलं, "मला डुलकी लागत नाही रे. आणि नार्थंकाय जितकं वाळतं तितकं टिकतं. का नाव तुझं? नको, नाव नको सांगू. कुठल्या स्टॉपवर चढलास ते सांग."

वेंकूचा चेहरा बघण्यासारखा झाला. माझाही झाला असेल. ज्या पडद्यामागे आम्ही जन्मभर उभे होतो तो कोणीतरी एका झटक्यात ओढला होता. मला एकदम मोठ्याने हसू फुटलं. गेल्या कित्येक दिवसांतलं पहिलं हसू.

"मेलवीधी," वेंकू पुटपुटला. आमच्या गल्लीचं नाव.

"मेलवीधी, आत. मागच्या अम्मा, तुम्ही कोण?"

"मी याची बहीण. मेडिकल आहे माझं."

"मेडिकलम्मा, तुम्ही डावीकडे बसा. ती बायकांची बाजू."

आणि आम्ही आत गेलो.

आत बस होती. म्हणजे शिकवणीचे बाक होते, पण ते मामांनी आमच्या सरकारी बसमध्ये असतात तसे मांडले होते. मधून वाट, एका बाजूला दोघांचे, दुसऱ्या बाजूला तिघांचे. सगळ्यांत पुढे एक खुर्ची रिकामी. ती ड्रायव्हरची. तिथे कोणी बसायचं नाही. मी नंतर विचारलं की ड्रायव्हर कोण, देव का? मामा म्हणाले, "मला माहीत नाही. मी कंडक्टर. मला एवढं ठाऊक आहे की ती सीट माझी नव्हे. प्यायचो तेव्हा तिच्यावरच बसायला बघायचो."

मामा आमच्यासारखेच तंजावरचे मराठी, जन्मभर तंजावर-कुंभकोणम मार्गावर नोकरी झालेली. निवृत्त झाले तरी शिट्टी गळ्यात होती. एक शिट्टी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. या खोलीत कोणी कोणाचं नाव विचारत नाही, ही जगभरातल्या अशा बैठकांची रीत असेल. पण नावाऐवजी स्टॉप ही रीत मामांची. पापनाशम, तिरुवैयारु, अय्यमपेट्टै अशी भारदस्त गावं त्या लहान मुलांच्या बाकांवर गुडघे वर करून बसलेली होती. तिरुवैयारु हा विड्याच्या पानांचा शेतकरी, बैलासारखा आडवा आणि रडका. अय्यमपेट्टै हा रेशमाचा विणकर, घरी सौराष्ट्री बोलणारा. "तिरुवैयारु, खोकायचं तर बाहेर," "पापनाशम, पाय आत," असं मामांचं चालू असायचं. कोणी फार वेळ बोलत राहिलं की एक शिट्टी. कोणी बोलता बोलता अडकलं की मामा हळूच दोन फुंकायचे, आणि तो माणूस पुढे निघायचा.

वेंकूला बोलावलं तेव्हा मी बाकाची कड धरली. पण काळजीचं कारण नव्हतं, असं मला तेव्हा वाटलं. माझा भाऊ शाळेत तमिळ शिकवतो आणि गावोगावच्या वादसभा गाजवतो. श्रोते दिसले की त्याची पाठ आपोआप ताठ होते. तो उभा राहिला, हात जोडले, आणि सुरू झाला. काय बोलला! कावेरी कूर्गच्या डोंगरात जन्मते, सगळ्या मुलखाला पाणी पाजते आणि समुद्र समोर दिसताना वाळूत आटते, तसा मी, असं म्हणाला. आवाज खाली नेला, वर आणला. उजवा हात नदीसारखा फिरवला. तिरुवैयारु ढसाढसा रडायला लागला. मागून टाळ्या आल्या. मी पर्समधला फोन चाचपला. सुधाला आता करू की बाहेर जाऊन?

आणि शिट्टी वाजली. एक.

वेंकू वाक्याच्या मध्ये, हात हवेत, तसाच थांबला. त्याला आयुष्यात कोणी शिट्टी मारली नव्हती.

"फार छान," मामा तमिळमध्ये म्हणाले. मग मराठीत, सहज, चहा घेतोस का विचारावं तसं, "घरी खोटं कुठल्या भाषेत बोलतोस?"

"का?"

"बायकोला, लेकीला. 'शाळेत मीटिंग होती, उशीर झाला' हे कुठल्या भाषेत सांगतोस?"

वेंकूने माझ्याकडे पाहिलं. मी कौलांकडे पाहिलं.

"मराठीत," तो म्हणाला.

"मग खरंसुद्धा मराठीतच सांग."

"इथे? इथे कोणाला कळणार?"

"ते यांचं हे बघतील. अय्यमपेट्टै सौराष्ट्रीत सांगतो. एक अक्षर कळत नाही आम्हाला. बसतो ऐकत. तुझं तमिळ फार चांगलं आहे रे. इतकं चांगलं, की त्यात तुला लपायला जागा आहे."

वेंकू बसला नाही. सरळ दाराबाहेर गेला. मी मागे धावले. स्कूटरवर सगळा रस्ता तो माझ्या पाठीमागून ओरडत होता. "शिट्टी! मला! बसचा कंडक्टर मला भाषा शिकवणार! तू पाहिलंस ना, लोक रडत होते?" मी म्हणाले, "एकच रडत होता, आणि तो सगळ्यांच्याच वेळी रडतो." त्या रात्री तो प्यायला. मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला वेगळंच काही वाटत होतं. इतकी वर्षं डॉक्टर, गुरुजी, मुख्याध्यापक, सगळ्यांना वेंकूने आपल्या जिभेवर झुलवलं होतं. पहिल्यांदा कोणीतरी झुललं नव्हतं. रोगाचं निदान झालं की औषध नसलं तरी जीव थोडा भांड्यात पडतो, तसं ते होतं. पुढचा रविवार कधी येतो असं मला झालं होतं.

आठवड्यात मधल्याच एका दिवशी मामा माझ्या दुकानात आले. भर गर्दीत, काउंटरवर कोपर टेकून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "खोकल्याचं औषध द्या. दारू नसलेलं. मी दारुडा आहे."

बाजूच्या दोन बायका सरकल्या. मी हळूच म्हणाले, "मामा, सावकाश बोला."

"का म्हणून? प्यायलेला असताना रस्त्यात उभा राहून ओरडायचो. तेव्हा लाज नव्हती. आता शुद्धीत कुजबुजू?" चष्मा कपाळावर चढवून त्यांनी बाटलीवरचं बारीक अक्षर डोळ्यांशी नेऊन वाचलं, दोनदा वाचलं, आणि मग बाटली खिशात टाकली. "तुमचा भाऊ येणार का रविवारी?"

"नाही म्हणतो. मी आणते ओढून. तुम्ही घरी येऊन एकदा त्याला सांगाल का?"

"नाही."

"जवळच राहतो."

"मेडिकलम्मा, बस कोणाच्या घरी जाते का? बस स्टॉपवर येते. वेळेवर येते. ते माझं काम. चढायचं काम त्याचं. आणि तुम्ही ओढून आणलंत तर तो पुन्हा पायरीवरच उभा राहील. पायरीवरची माणसं मी फार पाहिली. आतही नाहीत, रस्त्यावरही नाहीत, आणि वळणावर पडतात तीच."

"मग मी काय करू?"

"तुम्ही या. तुमचं तुम्ही बसा."

माझ्या स्वभावात हे बसत नाही. मी काम हातात घेणारी बाई आहे. पण त्या रविवारी वेंकूला एक शब्द बोलले नाही. तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी स्कूटरची किल्ली जरा जास्त वाजवली, तेवढंच. आणि एकटी गेले.

खोलीत नेहमीची गावं होती. त्या दिवशी मामांची पाळी होती. त्यांची पाळी आली की सगळे सावरून बसायचे, कारण ती हकीगत सगळ्यांना पाठ होती. मामा ती नेहमी मराठीत सांगायचे. तमिळ बोलणाऱ्या त्या माणसांना कुठे हसायचं तेही ठाऊक होतं. मी मात्र ती पहिल्यांदा, आणि शब्द न् शब्द कळून ऐकत होते.

"मी ड्यूटीवर होतो," मामांनी सुरुवात केली. "प्यायलेला नव्हतो. प्यायची वेळ झालेला होतो. ते जास्त वाईट. बायको आणि लेक माझ्याच गाडीत, कुंभकोणमला लग्नाला निघालेल्या. बायकोने माझ्यासाठी नार्थंकाय घालून दहीभात आणला होता, तो मी तिला सगळ्या गाडीसमोर परत दिला." इथे सगळे हसले. "पापनाशमला गाडी थांबली. लेकीला तहान लागली म्हणून बायको बाटली घेऊन खाली उतरली. नळावर गर्दी. मी शिट्टी तोंडाला लावली आणि दोन वाजवल्या. गाडी सुटली."

या वेळी कोणी हसलं नाही.

"कुंभकोणमला सरकारी दारूच्या दुकानात त्या वेळी रांग फार लागायची. मी आधी दुकानात गेलो. लेक ड्रायव्हरच्या मांडीवर रडत होती. परतीच्या गाडीने तिला आईकडे त्यानेच पोचवलं. बायको पापनाशमलाच राहिली. तिचा भाऊ होता तिथे. मी जाऊन सांगितलं, 'गर्दी होती, तू दिसलीच नाहीस.' वर्षानुवर्षं हेच सांगितलं. तिने विचारलं तेव्हा, लेकीने विचारलं तेव्हा. 'गर्दी होती, दिसलीच नाही.' रोज माझी गाडी पापनाशमला थांबायची. रोज मी नळाकडे बघायचो. ती कधी माझ्या गाडीत चढली नाही."

मग त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवले आणि म्हणाले, "मी तिला पाहिलं होतं. निळी साडी होती. तिने हात वर केला होता. मी पाहिलं, आणि दोन वाजवल्या."

बस. हकीगत एवढीच. शेवटी बोध नाही, देवाचे आभार नाहीत.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की दारातून येणारं ऊन कमी झालंय. उंबऱ्यावर एक सावली होती. मी मान वळवली नाही. वळवली असती तर ती सावली पळाली असती. पण इस्त्रीच्या शर्टाचा वास मला आला.

मामांनीही पाहिलं होतं. डोळे पुसून ते आपल्या नेहमीच्या खडूस आवाजात ओरडले, "मेलवीधी! पायरीवर उभं राहायचं नाही. आत ये, नाहीतर उतर."

सावली हलली नाही. तिरुवैयारु मागे वळायला लागला, त्याला मी वाटेपलीकडून चिमटा काढला.

मग वेंकू आत आला. चपला काढायला विसरला. रिकाम्या ड्रायव्हरच्या खुर्चीजवळ उभा राहिला, घसा खाकरला, आणि सवयीने उजवा हात वर गेला. मामांनी शिट्टी ओठांशी नेली. वेंकूने हात खाली घेतला. दोन्ही हात मागे नेऊन एकमेकांत धरून ठेवले, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे.

"माझी लेक घरात तमिळच बोलते," तो मराठीत म्हणाला. आवाज असा, की मला तो ओळखूच येईना. बारीक, चिरका, आमच्या लहानपणीचा. "मराठी तिला कळते, पण ती बोलत नाही. तिची शाळेत भाषणाची स्पर्धा होती. मीच भाषण बसवून दिलं होतं. आदल्या दिवशी तिने मला मराठीत विचारलं, 'अप्पा, उद्या येशील?' मराठीत. मी 'येतो' म्हणालो."

मागे धरलेले हात सुटू पाहत होते, ते त्याने पुन्हा आवळले.

"मी गेलो. प्यायलो होतो म्हणून आत गेलो नाही. फाटकाबाहेर भिंतीला धरून उभा होतो. ती भाषण करून बाहेर आली. तिच्या हातात बक्षिसाचा कप होता. तिने मला पाहिलं. मी तिला पाहिलं. मग मी भिंतीमागे गेलो."

मामांनी हळूच दोन शिट्ट्या फुंकल्या. इतक्या हळू, की नुसता वारा.

"घरी आल्यावर मी तिला सांगितलं, 'कण्णम्मा, शाळेत मीटिंग होती, मला येताच आलं नाही.' तिला ठाऊक होतं. तिला ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं. आणि ती म्हणाली, 'असू दे अप्पा.' माझं खोटं तिने... तिने ते माझ्यासाठी उचलून धरलं. त्यानंतर ती मराठी बोलली नाही."

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. सुधाला होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही.

वेंकू खाली बसला, ड्रायव्हरच्या खुर्चीच्या पायाशी, जमिनीवर. टाळ्या वाजल्या नाहीत. तिरुवैयारु तमिळमध्ये म्हणाला, "सार, मला एक शब्द कळला नाही. पण आज तुम्ही हात हलवले नाहीत." आणि आश्चर्य म्हणजे तो रडत नव्हता.

मी फोन घेऊन बाहेर पायरीवर आले. घाईत तो दोनदा चुकीच्या माणसाला लागला. सुधाने उचलला तेव्हा मी एका दमात म्हणाले, "तो खरं बोलला."

मग तिने एकच विचारलं, "कुठल्या भाषेत?"

"मराठीत."

तिने फोन ठेवला नाही. मामा आतून ओरडले, "मेडिकलम्मा, पायरीवर कोण उभं आहे?" आणि मी डोळे पुसत, हसत, फोन कानाला तसाच लावून आत गेले.

पुढचं सरळ नाही, ते सरळ करून सांगणार नाही. सुधा लगेच राहायला आली नाही. आधी बघायला आली, मग पुन्हा बघायला आली. वेंकू मध्ये एकदा घसरला आणि मामांनी त्याला त्याच्याच बाकावर, त्याच आवाजात "मेलवीधी, पाय आत" म्हणून बसवलं. किती दिवस झाले, हे मामा कोणाला मोजू देत नसत. दुसरीकडे म्हणे दिवस मोजून बिल्ले देतात. मामा म्हणत, "तिकीट आजचं. कालचं तिकीट आज दाखवलंस तर मी दंड करीन, आणि उद्याचं तिकीट मी देतच नाही." सुधा शेवटी पेट्या घेऊन आली त्या दिवशी मी मामांना पेढे आणते म्हटलं, तर ते म्हणाले, "पेढे नकोत, उडदाच्या पिठाची, दह्यातली डांगराची पच्चडी आणा. आमच्या घरी करायचे ती. खोबरं बेताने." मी आणली. त्यांनी दारातच उभ्याउभ्या खाल्ली आणि खोबरं जास्त झालंय म्हणाले.

एका रविवारी ते वेळेवर आले नाहीत. हे कधी घडलं नव्हतं. वेंकूनेच बाक लावले, दोघांचे, तिघांचे. मग मामा आले, आणि त्यांच्या कपाळावरचं भस्म घामाने वाहत होतं. धावत आले होते.

"बायकोचा फोन आला," ते म्हणाले. तमिळ की मराठी हे त्यांचं त्यांना कळत नव्हतं, दोन्ही मिसळून बोलत होते. "लेकीने लावून दिला. बायकोने अस्कं ऐकून घेतलं. मी सांगितलं, पाहिलं होतं तुला. निळी साडी. ती म्हणाली, 'ठाऊक आहे. तुम्ही कधी सांगता याची वाट बघत होते.'"

"मग?" आम्ही सगळे बाकांवरून उठलो होतो. अख्खी बस उभी होती.

"मग म्हणाली, 'पाणी भरून झालंय माझं. या.'"

मामांना निरोप द्यायला जुन्या बसस्टँडवर आम्ही तिघं गेलो, मी, वेंकू आणि सुधा. एक ट्रंक, एक पिशवी, आणि गळ्यात शिट्टी नाही. ती त्यांनी खोलीतल्या खिळ्याला अडकवून ठेवली होती. कोणाला दिली नव्हती. कुंभकोणमची गाडी लागली होती. गर्दी नव्हती. वेंकूने ट्रंक आत ठेवली. मामा चढले, आणि दारातच थांबले. एक हात दांडीला, एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या. आम्हाला काहीतरी सांगायचं असल्यासारखं तोंड उघडलं आणि मिटलं. मला तो चेहरा ओळखीचा वाटला. याच चेहऱ्याने वेंकू त्या मधल्या पायरीवर उभा होता.

ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. तरुण कंडक्टर आतून म्हणाला, "पेरियवरे, आजोबा, आत या." मामांनी ऐकलं नाही. ते रस्त्याकडे बघत होते, पापनाशमच्या दिशेला, आणि दांडीवरची त्यांची बोटं पांढरी पडली होती.

तेव्हा माझा भाऊ, ज्याच्या आवाजावर सभा डोलतात, भर बसस्टँडवर फाटक्या आवाजात मराठीत ओरडला, "मामा! पायरीवर उभं राहायचं नाही! आत जा, नाहीतर उतरा!"

सगळा स्टँड वळून बघायला लागला. मामांनी वेंकूकडे पाहिलं. ते वाळवलेलं नार्थंकाय आतून उजळलं, आणि खालचा पाय वर गेला.

दोन शिट्ट्या झाल्या. गाडी हलली. मागच्या खिडकीतून मला शेवटचं दिसलं ते एवढंच. निवृत्तांचा फुकट पास ज्यांच्या वरच्या खिशात असायचा ते मामा, त्या कोवळ्या कंडक्टरपुढे हात पसरून, हट्टाने आजचं तिकीट मागत होते.